उजव्या हाताचा ब्रेक

"उजवा दाबायचा नाही. अजिबात नाही. कोलांटी खाशील."

अण्णांनी मला सायकल शिकवताना दिलेला हा एकमेव धडा. बाकी तोल, वळण, घंटी हे सगळं मी त्यांच्या चोवीस इंची काळ्या सायकलवर हाफ पायडल मारत, गुडघे फोडून घेत आपलं आपणच शिकले. पण उजव्या, म्हणजे पुढच्या चाकाच्या ब्रेकबद्दल मात्र ते रोज बजावायचे. त्यांच्या कुणा मित्रानं पावसात घाबरून पुढचा ब्रेक करकचून दाबला आणि तो हँडलवरून उडून थेट गटारात गेला, ही गोष्ट आमच्या घरी गणपतीच्या आरतीइतकी पाठ होती.

साताऱ्यात ब्रेकचा विचार लवकर करावा लागतो, कारण गाव सपाट नाही. मंगळवार पेठेतून निघालं की राजवाडा, मोती चौक, आणि तिथून वरच्या रस्त्यानं पोवई नाक्यापर्यंत एकूण काय तो उतारच. सकाळी शाळेला जाताना पायडल मारायची गरज नसायची. संध्याकाळी मात्र सायकल हातात धरून चालत यायचं. त्या वेळच्या सायकलींना सळईचे ब्रेक असायचे, रबर खालून रिमला चिकटायचं, आणि पावसात ते चिकटलं काय नि न चिकटलं काय, सायकल आपल्या मर्जीनं थांबायची. मी डाव्या हातावर आणि चपलेच्या तळव्यावर दहावीपर्यंतचं शिक्षण पूर्ण केलं.

मग तीस वर्षं सायकल सुटली. चव्वेचाळिसाव्या वर्षी परत आली ती भाच्यामुळे. त्याला पुण्यात नोकरी लागली, खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. जाताना त्यानं आपली माउंटन बाइक आमच्या पडवीत उभी केली आणि म्हणाला, "मावशी, चालवत राहा, नाहीतर टायर बसतील." जाड खाचांचे टायर, पुढे शॉकअप, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक. पहिले दोन महिने मी ती यवतेश्वरच्या घाटात नेली. पहाटे तिथे पळणारे इतके असतात की एकटं वाटत नाही. डांबरावरचा चढ म्हणजे नुसता दम, त्यात अवघड असं काही नाही. मग एक दिवस डांबर सोडून पायवाटेला लागले.

त्या पायवाटेचं नाव मी इथे लिहिणार नाही. अजिंक्यताऱ्याच्या मागच्या अंगाला कुठेतरी आहे, एवढं पुरे. गुरांची वाट आहे ती, आणि नाव लिहिलं की पुढच्या रविवारी तिथे वीस गाड्या लागतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

तर, नोव्हेंबर होता. गवत पिवळं पडायला लागलेलं, वाट वाळलेली, मुरूम सुटलेला. सुटा मुरूम म्हणजे फरशीवर सांडलेली ज्वारी. उतार आला, वेग वाढला, आणि माझ्या डाव्या हातानं लहानपणीचं काम इमानेइतबारे केलं. मागचं चाक अडकलं, फिरायचं थांबलं, पण सायकल काही थांबली नाही. चाक घसपटत घसपटत उजवीकडे आलं, सायकल आडवी झाली आणि मी डाव्या तळहातावर पडले. पडताना हात पुढे करायचा नाही हे कुणीतरी सांगितलेलं आठवत होतं. पण पडताना आठवण्याइतका वेळ कुठे असतो? मनगटाला बारीक चीर गेली, सहा आठवडे प्लास्टर. ज्या डॉक्टरांनी ते घातलं ते हसून म्हणाले, "या वयात?" मी काही बोलले नाही.

दिवाळी होऊन गेल्यावर भाचा आला. माझा हात बघून आधी त्याचा चेहरा पडला, मग त्यानं विचारलं, "कुठला ब्रेक दाबला होतास?"

"डावा. दुसरा कुठला दाबणार?"

तो पडवीत बसला आणि त्यानं मला एसटीचं उदाहरण दिलं. ड्रायव्हरनं ब्रेक मारला की उभे असलेले सगळे पुढच्या माणसाच्या अंगावर जातात ना, तसंच सायकलचं. ब्रेक लागला की सगळं वजन पुढे झुकतं. पुढचं चाक जमिनीत रुतल्यासारखं दाबलं जातं, त्याची पकड वाढते. मागचं चाक त्याच क्षणी हलकं होतं. आणि आपण नेमका त्या हलक्या झालेल्या चाकाला ब्रेक लावतो. ते अडकणार नाही तर काय करणार? थांबवण्याची खरी ताकद पुढच्या चाकात आहे, आणि आपल्या दोन पिढ्यांनी त्याला हात लावायचा नाही असं ठरवून टाकलंय.

मला हे पटलं नाही. म्हणजे गणित पटलं, हात तयार होईना. त्या मित्राची गटारातली गोष्ट मध्ये यायची.

मग त्यानं मला रिपॅकची गोष्ट सांगितली, आणि ती ऐकल्यावर मला हा सगळा खेळ जरा आपला वाटायला लागला. अमेरिकेत कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरिन काउंटी नावाचा डोंगराळ भाग आहे. तिथल्या काही टवाळ पोरांनी 1970च्या दशकात भंगारातून तीस-चाळीस वर्षं जुन्या, जाड टायरच्या सायकली उचलल्या आणि डोंगरावरच्या मातीच्या रस्त्यावरून खाली पळवायला सुरुवात केली. 21 ऑक्टोबर 1976ला त्यांनी पहिली शर्यत लावली. दोन मैलांच्या आसपास अंतर आणि उतार सुमारे तेराशे फुटांचा. त्या सायकलींना मागेच ब्रेक होता, तोही चाकाच्या तुंब्यात, म्हणजे मधल्या हबमध्ये, उलटं पायडल मारलं की लागणारा. खाली येईपर्यंत तुंबा इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा. परत वर जायचं तर तुंबा उघडून नवं ग्रीस भरायला लागायचं. इंग्रजीत त्याला रिपॅक म्हणतात, म्हणून त्या रस्त्याचंच नाव रिपॅक पडलं. मग त्यांनी मोटरसायकलचे लिव्हर लावले, ब्रेक बदलले, गिअर बसवले, आणि 1977मध्ये त्यांच्यातल्या जो ब्रीझनं मुद्दाम याच कामासाठी नवी फ्रेम बनवली. 1996मध्ये अटलांटाला हा खेळ ऑलिंपिकमध्ये गेला.

मला यातलं ऑलिंपिक लक्षात राहिलं नाही, तुंबा राहिला. आमच्या गल्लीतला सायकलवाला दर उन्हाळ्यात अण्णांच्या सायकलचं ओव्हरऑइलिंग करायचा. कटोऱ्या रॉकेलनं धुवायच्या, छर्रे मोजून ठेवायचे, पिवळं ग्रीस बोटानं भरायचं. मी शेजारी बसून छर्रे मोजायची. म्हणजे ते लोक दर उताराला हेच करत होते! आणि त्यांनाही मागच्याच ब्रेकचा भरवसा होता, कारण दुसरा नव्हताच. मिळाला तेव्हा त्यांनी तो घेतला.

प्लास्टर निघालं. मनगट पुरतं बरं व्हायला आणखी दीड महिना गेला, तेवढ्यात तरी घाई केली नाही. मग भाच्यानं मला पायवाटेवर न नेता शाळेच्या मैदानावर नेलं. चुन्याची एक रेघ मारली. रेघेपर्यंत एकाच वेगात यायचं आणि रेघेवर ब्रेक लावायचा. आधी फक्त मागचा, मग फक्त पुढचा, मग दोन्ही. मागच्या ब्रेकनं मी रेघेपासून अकरा पावलांवर थांबले, नुसत्या पुढच्यानं सहा, दोन्हींनी पाच. पाच-सहा वेळा केलं, एखाद्या पावलाचा फरक. हे आकडे माझ्या सायकलचे, माझ्या वजनाचे आणि त्या मैदानाचे. तुमचे वेगळे येतील. पण एकदा मोजून बघाच, कारण मला कुणाच्याही सांगण्यानं जे पटलं नव्हतं ते त्या अकरा नि सहानं पटलं.

आणि कोलांटी? ती खोटी नाही, अण्णांचा मित्र खरंच उडाला होता. पण उडतो तो दोन गोष्टींनी. एक, ब्रेक एकदम दाबला जातो. दोन, आपण सीटवर ताठ बसलेले असतो, हात सरळ, आणि वजन पुढे येतं तेव्हा त्याला अडवायला काहीच नसतं. त्यासाठी भाच्यानं माझी बसायची रीतच बदलली. उतारावर मुळात बसायचं नाही, पायडलवर उभं राहायचं. दोन्ही पायडल सपाट, जमिनीला समांतर, नाहीतर खालचं पायडल धोंड्याला लागतं आणि तिथेच खेळ संपतो. गुडघे वाकलेले, कोपर वाकवून बाहेर काढलेले, कुस्तीला उभं राहिल्यासारखे. ब्रेक लावताना टाचा खाली दाबायच्या आणि कंबर थोडी मागे न्यायची. टाचा खाली गेल्या की सगळं वजन पायडलमध्ये उतरतं, हातांवर येत नाही. फार मागेही जायचं नाही हं. मी उत्साहानं इतकी मागे गेले की पुढचं चाक हलकं झालं आणि हँडल वळवलं तरी सायकल सरळच जायला लागली.

लिव्हरवर एकच बोट, पहिलं. उरलेली बोटं हँडल धरायला लागतात, आणि डिस्क ब्रेक नीट असेल तर एका बोटाचं बळ पुरतं. चार बोटांनी धरलं की घाबरल्यावर चारही बोटं दाबतात. दाबायचं ते लिंबू पिळतो तसं. हळूहळू वाढवत, आणि चाक सुटतंय असं वाटलं की तितक्याच हळू सोडत.

एक गोष्ट मात्र सायकल हातात आल्याबरोबर तपासा. आपल्याकडे बहुतेक सायकलींना उजवा लिव्हर पुढच्या चाकाचा असतो. अमेरिकेत नेमकं उलटं, तिथे डावा पुढचा. बाहेरून आलेली किंवा भाड्यानं घेतलेली सायकल असेल तर निघण्याआधी जागेवरच उजवा दाबून, सायकल ढकलून बघा कुठलं चाक अडतंय ते. उतारावर शोध लावण्यात अर्थ नाही.

पुढची गंमत अशी की, पुढचा ब्रेक सापडल्यावर मी दुसऱ्यांदा पडले.

फेब्रुवारीत, त्याच वाटेवर. एक वळण आहे, करवंदीच्या जाळीला वळसा घालून जाणारं. मी वळणात शिरले, वेग जास्त वाटला, आणि नव्यानं मिळालेला उजवा ब्रेक वळणातच दाबला. पुढचं चाक खालून गेलं. मागचं चाक घसरलं तर सावरता येतं, पुढचं घसरलं तर सावरायला काही शिल्लकच राहत नाही. या वेळी खांद्यावर पडले, हात आत घेतलेला होता, करवंदीचे काटे सोडले तर काही झालं नाही. पण रडू आलं. वाटलं, अण्णाच खरे.

फोनवर भाच्यानं विचारलं, "मावशी, पगार किती आहे तुझा?" मी म्हटलं, काय संबंध? तो म्हणाला, टायरची पकड म्हणजे महिन्याचा पगार. ठरलेला असतो. त्यातला ब्रेकवर खर्च केलास तर वळायला उरत नाही, वळण्यावर खर्च केलास तर ब्रेकला उरत नाही. म्हणून आधी सरळ वाटेवर ब्रेक, वेग हवा तितका उतरवून घ्यायचा, आणि वळणात शिरताना बोट ढिलं सोडायचं. बाहेरच्या बाजूचा पाय खाली, त्यावर वजन, सायकल आतल्या बाजूला झुकवायची, स्वतः मात्र जरा सरळ राहायचं. आणि डोळे वळणाच्या शेवटाकडे.

घर चालवणाऱ्या बाईला हे एका वाक्यात कळलं. तेव्हापासून मी वाटेकडे बघते ती खर्चाच्या वहीसारखी. इथे मुरूम आहे, इथे खर्च नको. तो काळा कातळ सपाट आणि कोरडा आहे, तिथे दाबून घेऊ. पुढे धोंडे आहेत, त्यांच्यावरून जाताना पुढचा ब्रेक सोडलेला पाहिजे, नाहीतर चाक धोंड्याला अडकून उभं राहील. पाऊस संपता संपता कातळावर शेवाळ असतं, तिथे पगारच मिळत नाही असं समजायचं आणि उतरून चालायचं. उतरून चालण्यात कमीपणा वाटत असेल तर सज्जनगडाच्या पायऱ्या आठवा. चढताना सगळे बोलत असतात, उतरताना सगळे पायाकडे बघत असतात.

पायाकडे बघण्याचं मात्र सायकलवर चालत नाही. ज्या दगडाकडे बघाल त्याच दगडावर जाल, हे इतकं हमखास आहे की मला आधी चेष्टाच वाटली. एक ठरावीक दगड होता, मी चारदा त्याच्यावर गेले. पाचव्यांदा त्याच्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघितलं आणि शेजारून गेले.

हवेचं सांगायचं राहिलं. आमचा सायकलवाला टायर दगडासारखा टणक करून देतो, कारण त्याच्या मते बोटानं दबणारा टायर म्हणजे पंक्चर. डांबरावर ठीक आहे. पायवाटेवर टणक टायर प्रत्येक खड्यावरून उडतो आणि जमीन सोडतो. माझं वजन बासष्ट किलो, टायर दोन पॉइंट एक इंची, आत ट्यूब. मी पुढे अठ्ठावीस आणि मागे तीस पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ठेवते. टायरच्या कडेला कमाल आकडा लिहिलेला असतो, किमान असेल तर तोही वाचा. फारच कमी ठेवलं तर धोंड्यावर आपटताना ट्यूब रिम आणि दगडामध्ये चिमटते आणि साप चावल्यासारखी शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. सायकलवाल्यानं माझी हवा तपासून दोनदा मान हलवली. तिसऱ्यांदा त्यानं न विचारता अठ्ठावीसच भरली.

हेल्मेट तर हवंच, त्यावर वाद नको. भुवईच्या वर दोन बोटं, पट्टे कानाखाली जुळलेले, हनुवटीखाली बोट जेमतेम जाईल इतकं घट्ट. कपाळ उघडं टाकून मागे सरकवलेलं हेल्मेट म्हणजे टोपी. एकदा जोरात आपटलं की वरून धड दिसलं तरी बदलायचं, आतला फोम एकदाच दबण्यासाठी असतो. हातमोजे मी आधी फॅशन समजत होते, आता तळहातावरचा तो पांढरा डाग बघते आणि घालते. उजव्या पायाच्या पँटला अण्णांची जुनी स्टीलची क्लिप लावते, चेनमध्ये कापड जात नाही.

आता एका गुराख्याबद्दल. पायवाटेवर रोज भेटणारे एक मामा आहेत, सात-आठ म्हशी घेऊन. पहिल्या पावसानंतर मी गेले तेव्हा ते वाटेच्या कडेला उभे होते. म्हणाले, "ताई, तुमच्या चाकानं पाट पाडलाय बघा." बघितलं तर खरंच. उन्हाळाभर ज्या तीन-चार उतारांवर मागचं चाक घासटत आणलं होतं, तिथे बोटभर चर पडले होते, आणि पावसाचं पाणी बरोब्बर त्याच चरांतून वाहत होतं. दोन ठिकाणी खालची माती जाऊन दगड उघडे पडले होते. सगळे चर माझे नव्हते, पण काही निश्चित माझे होते. म्हणजे डावा हात मला पाडत होता, आणि वाटेलाही. मामांनी खोरं आणलं, आडवे दगड रचून पाणी बाजूला काढलं. मी दगड उचलून दिले. त्या दिवशी सायकल चालवलीच नाही.

तेव्हापासून पाऊस पडून गेला की मी आधी चालून बघते. चपलेचा ठसा खोल उठला तर घरी परत. काळी माती असेल तर चाक नि फ्रेममध्ये ती इतकी भरते की चाक फिरतच नाही, त्यामुळे तिथे शहाणपण आपोआप येतं. आणि कासच्या पठारावर चाक नाहीच. तिथे जांभ्यावर वीतभरसुद्धा माती नाही, आणि सगळा फुलांचा संसार तेवढ्या मातीत आहे. पंचवीस किलोमीटर सायकलवर जा, सायकल खाली ठेवा, चालत बघा. टोपली कारवी सात वर्षांनी फुलते, तिच्यावरून एकदा टायर जायला सात सेकंदही लागत नाहीत.

म्हशींसमोर घंटी वाजवायची नाही, हे मामांनी शिकवलं. माणसांसाठी घंटी, जनावरांसाठी आवाज. दुरूनच "हो हो" करत, वेग पार काढून, शक्यतो उतरून जायचं. म्हैस कुठल्या बाजूला वळेल ते म्हशीलाही माहीत नसतं. चालणाऱ्याला वाट आधी, आणि चढणाऱ्या सायकलला उतरणाऱ्यानं वाट द्यायची, कारण चढणारा एकदा थांबला की त्या चढाला परत पाय लावणं फार जिवावर येतं.

बाकी आपल्या डोंगरांचं आपल्याला ठाऊक असतंच. कड्यावर आग्या मोहोळ असतं, तिथे अत्तर लावून, आरडाओरडा करत जायचं नाही. दगडावर फुरसं बसतं, म्हणून टेकायला हात ठेवण्याआधी बघायचं. चावलंच तर कापाकापी, आवळपट्ट्या काही नको, शांतपणे, न पळता, लवकरात लवकर हॉस्पिटल. उन्हाळ्यात वणव्याचा धूर दिसला तर वाट कितीही ओळखीची असो, माघारी. संध्याकाळी साडेपाचनंतर मी पायवाटेवर नसते. घरी वाट सांगून जाते, आणि नेटवर्क कुठल्या वळणावर जातं ते मला पाठ आहे. एकशे आठ आणि एकशे बारा हे दोन नंबर अण्णांनाही पाठ करायला लावलेत.

अण्णा आता एक्याऐंशीचे आहेत. परवा पडवीत सायकल धुऊन उभी केली होती. ते काठी टेकत आले, शॉकअप दाबून बघितला, डिस्कवर बोट फिरवणार तेवढ्यात मी थांबवलं, बोटाचं तेल लागलं तर ब्रेक धरत नाही. मग त्यांनी हँडल धरलं, दोन्ही लिव्हरवर हात ठेवले.

"यातला पुढचा कुठला?"

"उजवाच. तुमच्या सायकलसारखा."

त्यांनी उजवा हात उचलून घेतला. सायकल पडवीत, स्टँडवर, चाकांतून अजून पाणी ठिबकतंय. ते थोडा वेळ तसेच उभे राहिले, मग पहिलं बोट परत लिव्हरवर ठेवलं आणि अगदी हळू दाबलं.

"फार मऊ आहे गं," म्हणाले.